‘मेक फास्ट’ म्हणजे घाई नव्हे

रत्नागिरी, दापोली, मालवणकडची बरीच मुलं व्यापारी जहाजांवर नोकरीला जातात. शाळेत ‘फास्ट’ म्हणजे जलद, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. मग जहाज धक्क्याला लागताना ‘मेक फास्ट’ असा हुकूम आला की नवखा खलाशी घाई करायला लागतो. हुकूम मात्र दोर बोलार्डला, म्हणजे दोर अडकवायच्या ठेंगण्या खांबाला, पक्का बांधण्याचा असतो. एका अर्थात पळायचं आणि दुसऱ्यात जागचं हलायचं नाही, तरी शब्द एकच.

जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, पक्का. व्रत घट्ट धरून राहायचं म्हणून उपासाला ‘फास्ट’. नेटाने, जोर लावून पळायचं म्हणून पुढे जलद हा अर्थ आला. धुतल्यावर न निघणारा कपड्याचा ‘फास्ट’ रंगही त्यातलाच. एका मुळाला अशा फांद्या फुटतात, त्याला अनेकार्थता म्हणतात. तिच्यासाठी आज रूढ असलेली ‘पॉलिसेमी’ ही संज्ञा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1897 मध्ये पुढे आणली.

दुसरा प्रकार दिसायला तसाच, पण असतो निव्वळ योगायोग. हाताचं ते बोट आणि समुद्रातली ती बोट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दुसरा शब्द इंग्रजीतून आला आणि पहिल्याला धडकला. इंग्रजीतल्या ‘डेट’चंही तेच. तारखेचा ‘डेट’ लॅटिनमधल्या ‘दिलेला’ या अर्थाच्या शब्दातून आला. खजुराचा ‘डेट’ मात्र ग्रीकमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता, गंमत म्हणजे, हाताचं बोट! याउलट ‘बोट धक्क्याला लागली’, ‘मला बोट लागली’ आणि ‘भूक लागली’ यांतलं लागणं एकाच मुळाचं आहे. पहिल्या वाक्यात माणसं उतरतात, दुसऱ्यात त्यांना उलट्या होतात, आणि कोणालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

किनाऱ्यावर सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा शब्द ‘स्प्रिंग’. भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात ‘स्प्रिंग टाइड’ आलं की वसंत ऋतूची भरती असा अर्थ लावला जातो. ऋतूचा इथे काही संबंध नाही. मूळ क्रियापद उसळी मारणे या अर्थाचं. जमिनीतून पाणी उसळतं तो झरा, दाबून सोडल्यावर उसळतं ते तारेचं वेटोळं, झाडांना पालवी उसळून येते तो ऋतू, आणि समुद्र उसळतो ते आपलं उधाण. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी साधारण एका रेषेत आले की, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बारा महिने दर पंधरवड्याला हे घडतं. अष्टमीच्या आसपास येते ती भांगाची भरती, तिला इंग्रजीत ‘नीप’ म्हणतात. हा फरक नुसता पुस्तकी नाही. ऐन उधाणाच्या भरतीला होडी वाळूवर चढून बसली, तर त्यापुढची प्रत्येक भरती थोडी थोडी कमी चढते. होडी पुन्हा तरंगायला कधीकधी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे सुमारे 15 दिवस, थांबावं लागतं. ‘स्प्रिंग’चा अर्थ वसंत धरणाऱ्याला हे गणित कसं जमणार?

जास्त वापरातले शब्दच असे पसरतात. जॉर्ज झिफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1945 मध्ये मांडलेला ढोबळ नियम असा की अर्थांची संख्या वापराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला साधारण दहापट अर्थ. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले गेले.

एवढ्या गर्दीत मेंदू अडखळत कसा नाही? डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये हे तपासलं. लोकांना हेडफोनवर कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ यांचं वाक्य ऐकवलं. ‘बग’ म्हणजे किडा, तसंच चोरून ऐकण्याचं यंत्रही. तो शब्द कानावर पडताक्षणी पडद्यावर ‘मुंगी’ किंवा ‘हेर’ यांचे इंग्रजी शब्द दाखवले, तर दोन्ही लवकर ओळखले गेले. म्हणजे वाक्यातून किडे स्पष्ट असूनही क्षणभर दोन्ही अर्थ जागे होते. पण तीनच अक्षरं पुढे गेल्यावर तपासलं, तर फक्त मुंगी उरली होती. जेनिफर रॉड ही मानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी यांनी 2002 मध्ये आणखी बारीक फरक दाखवला: ‘फास्ट’सारखे आपसांत नातं असलेले अर्थ असतील तर शब्द लवकर ओळखला जातो, ‘डेट’सारखे बिननात्याचे असतील तर उशीर लागतो.

म्हणून कोश उघडल्यावर आधी हे बघावं की तो शब्द कितीदा वेगळा नोंदला आहे. शब्दावर छोटे 1, 2 आकडे असतील तर ते बहुधा वेगळ्या घराण्यांचे शब्द. नोंदीच्या आतले आकडे म्हणजे एकाच घरातले अर्थ. मग शब्द नाम आहे की क्रियापद ते ठरवावं आणि त्यानंतरच अर्थाकडे जावं. पहिलाच अर्थ उचलणं ही नेहमीची चूक. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सर्वांत जुना अर्थ आधी येतो, विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत बहुधा सर्वांत रुळलेला.

रेडिओवर मात्र शेजारचे शब्दही खरखरीत हरवतात. तिथे मेंदूच्या भरवशावर राहून चालत नाही. रेडिओ येण्याआधीही जहाजांवर अशी काळजी घेतली जाई. जहाजाच्या डाव्या बाजूला पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणत. उजव्या ‘स्टारबोर्ड’शी त्याचा घोटाळा होई, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये ‘पोर्ट’ सक्तीचं केलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये प्रमाण वाक्यांचा संचच मंजूर केला. त्यात ‘मे’ हा शब्द टाळायला सांगितलं आहे, कारण त्यातून परवानगी की शक्यता ते कळत नाही. ‘मे आय एंटर’ असं न विचारता आधी ‘क्वेश्चन’ म्हणायचं आणि मग ‘मला परवानगी आहे का’ असं सरळ विचारायचं. उत्तर देणाराही आधी ‘आन्सर’ म्हणतो. सूचना, इशारा, विनंती धरून अशा आठ खुणा ठरलेल्या आहेत. आकडे सुटे बोलायचे, 150 म्हणजे ‘वन-फाइव्ह-झीरो’. अपवाद सुकाणूच्या कोनाचा: तिथे 15 अंशांना ‘फिफ्टीन’च म्हणतात, आणि सुकाणूवरचा खलाशी तो हुकूम मोठ्याने परत म्हणून दाखवतो.