किडनी बदलली, हिरड्या का फुगल्या?

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे पाय आधी मेडिकलकडे वळतात. गेवराई असो की औसा, ‘दाढेवर काहीतरी द्या’ म्हटलं की डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन हातात पडतं. एरवी चालून जातं. पण आईनं किंवा बायकोनं दिलेल्या किडनीवर जगणाऱ्याला हीच गोळी महागात पडू शकते. तिच्यामुळे किडनीचा रक्तपुरवठा घटतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी त्याची रोजची टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची गोळीही रक्तवाहिन्या आवळतच असते. किडनीला दोन्हीकडून ताण.

प्रत्यारोपणानंतर तोंड बिघडतं ते मुख्यतः या औषधांपायी. परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. किडनी चालू आहे तोवर. मग तोंडात एरवी गुमान राहणारी कॅन्डिडा बुरशी माजते. जिभेवर, गालाच्या आतून दह्यासारखा पांढरा थर धरतो. पुसला तर खाली लालभडक. ठेचा-भाकर दूरच, साधं वरणही झोंबतं.

हिरड्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. सायक्लोस्पोरिन हे मातीतल्या एका बुरशीपासून मिळालेलं औषध. 1980च्या दशकात ते आलं आणि प्रत्यारोपणाचं चित्रच पालटलं. पण काहींच्या हिरड्यांत त्यानं कोलॅजन नावाचं तंतूंसारखं प्रथिन साचत जातं. सुरुवात बहुतेकदा समोरच्या दोन दातांमधल्या तिकोनी टोकापासून, पहिल्या काही महिन्यांतच. वाढत वाढत हिरडी अर्धा दात झाकते. जोडीला बीपीची निफेडिपिन किंवा अॅम्लोडिपिन असेल तर आणखी भर, कारण हिरड्या त्याही फुगवतात. दातांवर कीटण असेल तर सूज जास्त. म्हणून मऊ ब्रश आणि वेळच्या वेळी दातांची सफाई यानं खरंच फरक पडतो. टॅक्रोलिमसनं हा त्रास बराच कमी होतो, पण गोळी बदलायची ती किडनीच्या डॉक्टरांनीच. मनानं बंद केली तर किडनीच नाकारली जाण्याची भीती.

आपल्या माणसांची एक गंमत बघा. संभाजीनगरला किडनीच्या डॉक्टरांकडे जाताना फाईलची थैली छातीशी धरलेली असते. गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाताना ती घरच्या खुंटीवर. आणि गरज तिथंच जास्त. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल ही दंतवैद्यांच्या नेहमीच्या वापरातली औषधं टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनचं विघटन रोखतात. रक्तातलं प्रमाण चढतं आणि किडनीला इजा होते. खरं तर दात किडलेले असतील तर ते ऑपरेशनच्या आधीच काढून-भरून घ्यायचे असतात. नंतर सुरुवातीचे महिने अडल्याशिवाय दातांना हात लावत नाहीत.

मिश्री आणि गुटखा तर सुटायलाच हवा. दबलेल्या प्रतिकारशक्तीत कॅन्सरचा धोका आधीच वाढलेला असतो, ओठाचाही. त्याला ऊन कारण ठरतं. पांढऱ्या टोपीला पुढं झालर नसते, ओठ उघडेच राहतात. त्यापेक्षा तोंडाला गुंडाळलेला रुमाल बरा. खालच्या ओठावर महिनाभर न भरणारी खपली दिसली, तर ती उन्हानं फुटलेल्या ओठाची म्हणून सोडून देऊ नये, दाखवून घ्यावी.