दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट टीममधला रंगाचा कोटा

दक्षिण आफ्रिकेच्या नॅशनल क्रिकेट टीममध्ये ठराविक संख्येने गोरे नसलेले खेळाडू असलेच पाहिजेत या धोरणाला लोक सरळ कोटा म्हणतात, बोर्ड त्याला टार्गेट म्हणतं आणि सरकारी भाषेत या सगळ्या प्रकाराचं नाव ट्रान्सफॉर्मेशन. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेला आकडा असा, की अकरा जणांत सरासरी सहा गोरे नसलेले आणि त्या सहात किमान दोन ब्लॅक आफ्रिकन. यात सरासरी हा शब्द महत्त्वाचा आहे, हिशोब एकेका मॅचचा नाही तर अख्ख्या सीझनचा धरतात, म्हणजे आज पाच खेळवले तर पुढे कधीतरी सात खेळवून भरून काढता येतं. गोरे नसलेले म्हणजे ब्लॅक आफ्रिकन, कलर्ड (मिश्र वंशाचे, तिथल्या जनगणनेतही हाच शब्द आहे) आणि भारतीय वंशाचे, त्यामुळे हाशिम आमला आणि लाहोरला जन्मलेला इम्रान ताहीरसुद्धा याच खात्यात मोजले जायचे. ब्लॅक आफ्रिकन हा वेगळा आकडा कशाला, तर २०२२ च्या जनगणनेत ते देशाच्या ८१ टक्के आहेत आणि गोरे साधारण ७ टक्के.

कोटा आला आणि मेरिट गेलं असं आपल्याकडेही बरेच जण बोलतात, पण त्या देशात कोटा १९९० नंतर आलेलाच नाही, तो पहिल्यापासून होता. १८८९ च्या पहिल्या टेस्टपासून १९७० पर्यंत टीम गोऱ्यांचीच, बक लेवेलिन नावाचा एक खेळाडू सोडला तर, ज्याच्या वंशाबद्दल अजून वाद आहे. म्हणजे तो कोटा अकरापैकी अकराचा होता. आणि काळे लोक क्रिकेट खेळतच नव्हते हेही खोटं आहे, ईस्टर्न केपमधल्या मिशनच्या शाळांमधून काळी मुलं एकोणिसाव्या शतकापासून खेळत होती, आणि क्रोम हेन्ड्रिक्स नावाच्या फास्ट बॉलरला १८९४ च्या इंग्लंड टूरमधून केवळ रंगावरून वगळलं होतं. बेसिल डॉलिव्हेरा केपटाऊनचा कलर्ड, पण त्याला खेळायला इंग्लंडला जावं लागलं, तिथून तो टेस्ट खेळला, १९६८ मध्ये ओव्हलवर १५८ मारले, आणि तो इंग्लंडच्या टीममधून येणार म्हटल्यावर पंतप्रधान फॉर्स्टरने टूरच होऊ दिली नाही. १९७० नंतर सरकारच्या वर्णद्वेषी धोरणामुळे जगाने त्या टीमला बाहेर ठेवलं ते थेट नोव्हेंबर १९९१ पर्यंत, परत आल्यावरची पहिली मॅच कोलकात्यात ईडन गार्डन्सवर झाली.

पहिला ब्लॅक आफ्रिकन टेस्ट खेळाडू मखाया एन्टिनी १९९८ मध्ये आला, म्हणजे परत आल्यावरही सहा वर्षांहून जास्त काळ गेला. तो म्डिंगी गावचा गुरं राखणारा पोरगा, पुढे १०१ टेस्टमध्ये ३९० विकेट घेतल्या. या माणसाने २०२० मध्ये सांगितलं की टीममध्ये त्याच्या शेजारी जेवायला कोणी बसायचं नाही आणि बसमधला एकटेपणा नको म्हणून तो हॉटेलपासून ग्राउंडपर्यंत पळत जायचा. हे वाचून मला आपल्याकडचे दलित क्रिकेटर पळवणकर बाळू आठवतात, ज्यांना मॅचच्या मध्ये चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात बाहेर मिळायचा आणि जे सगळ्यात मोठे बॉलर असून हिंदूंच्या टीमचे कॅप्टन कधीच झाले नाहीत, तो मान त्यांच्या भावाला, विठ्ठलना, १९२३ मध्ये मिळाला. टीममध्ये घेणं आणि टीमचा मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिलेक्शनवरून उघड भांडणं बरीच झाली. जानेवारी २००२ मध्ये सिडनी टेस्टला गोऱ्या जॅक रुडॉल्फची निवड बोर्डाचे अध्यक्ष पर्सी सॉन यांनी अडवली आणि कलर्ड जस्टिन ऑन्टॉन्ग खेळला, दोघंही तरुण, दोघांचंही नाव उगाच वादात. २०१५ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला फॉर्मात असलेल्या गोऱ्या काइल ॲबटला बसवून दुखापतीतून आलेल्या कलर्ड फिलँडरला खेळवलं, मॅच हरले आणि वरून दबाव आला होता का यावर आजही वाद चालतो, बोर्डाने तेव्हा नाकारलं होतं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उलटं घडलं ते कमी लोकांना माहीत आहे. वानखेडेवरच्या शेवटच्या वनडेला ब्लॅक आफ्रिकन खाया झोन्डो टीमसोबत असूनही बसला आणि टेस्टसाठी आलेला गोरा डीन एल्गर खेळला. दक्षिण आफ्रिकेने त्या दिवशी ४३८ मारले म्हणून आपल्याला फक्त धुलाई आठवते, पण काळ्या खेळाडूंनी त्यानंतर बोर्डाला पत्र लिहिलं होतं. २०२१ मध्ये बोर्डानेच ज्येष्ठ वकील दुमिसा एन्सेबेझा यांच्यापुढे वंशभेदाच्या तक्रारींची सुनावणी ठेवली तेव्हा झोन्डोने हे सगळं सांगितलं, कॅप्टन डिव्हिलियर्सने आपला हेतू फक्त टीमच्या भल्याचा होता असं म्हटलं.

गोऱ्या खेळाडूंची तक्रारही खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. केविन पीटरसनने कोट्याचं कारण देऊन देश सोडला, ॲबट आणि रायली रूसो २०१७ मध्ये कोल्पॅक करारावर, म्हणजे देशाकडून खेळणं सोडून इंग्लिश काउंटीत परदेशी न धरता खेळायच्या करारावर, हॅम्पशायरला गेले (पौंडात पगार हेही कारण होतंच, सगळं कोट्यावर ढकलू नये), आणि ज्याचं करिअर दहाच वर्षांचं असतं त्याला आजोबांच्या काळाचा हिशोब चुकता करायला सांगणं त्या एका माणसाला जड जातंच.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त किंमत भरतो तो कोट्यातला समजला जाणारा खेळाडू. टेम्बा बवुमा केपटाऊनच्या लांगा टाऊनशिपचा (टाऊनशिप म्हणजे वर्णद्वेषाच्या काळात काळ्यांसाठी वेगळी ठेवलेली वस्ती), २०१६ मध्ये टेस्ट सेंच्युरी मारणारा पहिला ब्लॅक आफ्रिकन दक्षिण आफ्रिकन. तो म्हणाला होता की चांगलं खेळलं की ट्रान्सफॉर्मेशनचा विषय कोणी काढत नाही, वाईट खेळलं की तोच विषय सगळ्यात वर येतो. गोरा बॅट्समन सलग पाच इनिंग फेल गेला तर फॉर्म गेला म्हणतात, बवुमा गेला तर कोटा म्हणतात.

आणि खरी अडचण खाली आहे. फास्ट बॉलर रबाडा सेंट स्टिथियन्स या महागड्या शाळेचा, एन्गिडी स्कॉलरशिपवर हिल्टन कॉलेज या तशाच शाळेचा, बवुमाही पुढे चांगल्या फीवाल्या शाळांतूनच आला. टर्फ विकेट, कोच, नेट हे सगळं त्या मोजक्या शाळांत आहे, टाऊनशिपमध्ये नाही, त्यामुळे वरचा आकडा भरायला दरवेळी त्याच चार दारांतून पोरं येतात. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या पंधरा जणांत ब्लॅक आफ्रिकन एकटा रबाडा होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा अकरात तीन होते, बवुमा, रबाडा आणि एन्गिडी, चौथा गोरा नसलेला केशव महाराज. रबाडाने नऊ विकेट काढल्या, आणि २८२ चा पाठलाग करताना हॅमस्ट्रिंग दुखावलेला कॅप्टन बवुमा लंगडत लंगडत ६६ पर्यंत गेला, समोर मार्करम, दोघांची पार्टनरशिप १४७ ची.