पदवी मान्यताप्राप्त आहे, पण या पदाला चालते का?

"विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं की पदवी कुठल्याही शिक्षक भरतीत चालते, नाकारली तर कोर्ट घ्यायला लावतंच." कऱ्हाड, विट्याकडच्या अभ्यासिकांत हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटतो, कारण अर्धा खरा आहे: मान्यता नसेल तर पदवी ग्राह्यच धरत नाहीत.

पण मान्यतेने पदवी वैध ठरते, एवढंच. अमुक पदाला ती चालते का, हे त्या पदाचे सेवाप्रवेश नियम (भरतीसाठी कोणती पात्रता हवी ते सांगणारे नियम) ठरवतात. नियमात 'किंवा समकक्ष' (त्याच तोडीची) असेल, तर समकक्षतेचा विचार होतो. नसेल, तर सहसा मागितलेलीच अर्हता (शैक्षणिक पात्रता) लागते. समकक्षता ठरवणं हे मुख्यतः भरती करणाऱ्यांचं काम, असंच न्यायालयं सांगत आली आहेत. दोन अभ्यासक्रम ताडून पाहायला ती सहसा बसत नाहीत. निर्णय मनमानी किंवा नियमाविरुद्ध असेल, तर मात्र दाद मागता येते.

मित्राची तीच पदवी दुसऱ्या भरतीत चालली, हा पुरावा नव्हे. तिथले नियम वेगळे असू शकतात.

म्हणून जाहिरातीत उल्लेखलेले मूळ नियम उघडा आणि अर्हतेचं कलम शब्दशः वाचा. पदवी परराज्यातली असेल, तर समकक्षतेचा शासन निर्णय किंवा लेखी पत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच मिळवा. शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.