मराठवाड्यातल्या छावण्या: नजर कुणावर आणि खर्च कुणाचा?

मराठवाड्याला ना समुद्र, ना कुठल्या देशाची सीमा, जवळचं बंदर म्हणाल तर मुंबईच, मग संभाजीनगरला छावणी कशाला आहे? आणि नुसतं संभाजीनगरच नाही, एकेकाळी जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, या सगळ्या ठिकाणी पलटणी (पायदळ) आणि रिसाले (घोडदळ) राहायचे. लष्करी तळ म्हटलं की डोळ्यासमोर सरहद्द येते, तोफा शत्रूकडे तोंड करून उभ्या, पण इथल्या तळांचा इतिहास बघितला तर बाहेरचा शत्रू त्यात फारसा नाहीच. तळ बसवला गेला तो ज्याच्या मुलखात बसवला त्याच्यावरच लक्ष ठेवायला, आणि वर त्याचं बिल पण त्यालाच. हे समजल्याशिवाय आपल्याकडच्या छावणी, सदर बाजार, लष्कर या नावांचा अर्थच लागत नाही.

किल्ल्यांचं आधी पटकन उरकतो. देवगिरी, परांडा, नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार हे सगळे खरं तर तळच, दारूगोळा, धान्याची कोठारं, पाणी आणि खजिना एका भिंतीआड ठेवायची सोय. किल्ल्याचं काम लढाई जिंकणं नसतं, वेळ काढणं असतं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाने त्याचं औरंगाबाद केलं, आणि शेवटची २५ एक वर्षं तर तो दख्खनमध्ये तळ ठोकूनच होता. मुघलांचा तळ म्हणजे चालतं-फिरतं शहर, बाजार, सराफ, कारकून सगळे सोबत. पण तळ फिरता असला की गवत संपलं की हलावं लागतं, हा एक मोठा लोच्या.

खरी गोष्ट सुरू होते १७९५ नंतर. त्या साली खर्ड्याला (बीड जिल्ह्याला लागूनच आहे ते, आता नगरमध्ये येतं) मराठ्यांनी निजामाला हरवलं, निजाम अली खान हादरला, आणि १७९८ मध्ये त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. सहा पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या, राहणार हैदराबादच्या मुलखात, खर्च वर्षाला साधारण २४ लाख रुपये, देणार निजाम. निजामाकडे रेमंड नावाच्या फ्रेंच माणसाने तयार केलेली चांगली कवायती फौज होती, रेमंड त्याच साली वारला होता आणि करार झाल्यावर ती फौज मोडून टाकली. म्हणजे संरक्षण देतो म्हणणाऱ्याने पहिलं काम केलं ते यजमानाचे स्वतःचे दात काढायचं. १८०० मध्ये आणखी एक करार झाला आणि रोख पैशाऐवजी निजामाने बेल्लारी, कडप्पा वगैरे मुलूखच लिहून दिला.

आता या १८०० च्या करारात एक बारीक कलम होतं, आणि मराठवाड्यातल्या बहुतेक छावण्या त्यातूनच निघाल्या असं म्हटलं तरी चालेल. कलम काय, तर युद्ध झालं तर निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार इंग्रजांच्या मदतीला द्यायचे. युद्ध झालं तर. पण रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातले इंग्रजांचे वकील, या मंडळींनी त्याचा अर्थ हळूहळू असा लावला की मदतीला यायची फौज धड पाहिजे, धड पाहिजे म्हणजे इंग्रज अफसरांच्या हाताखाली पाहिजे, आणि तयार पाहिजे म्हणजे कायमची पाहिजे. हेन्री रसेल रेसिडेंट असताना १८१३ च्या सुमारास रसेल ब्रिगेड उभी राहिली आणि तीच वाढत वाढत झाली हैदराबाद कंटिंजंट. तैनाती फौज वेगळी, कंटिंजंट वेगळी, दोन्हींचा भार शेवटी निजामावरच. कंटिंजंटचा खर्च पुढे वर्षाला ४० लाखांच्या आसपास गेला. ‘बिचारा निझी सगळ्याचे पैसे देतो’ अशी इंग्रजांच्यातच थट्टा चालायची, निझी म्हणजे निजाम.

ही गोष्ट जुनी वाटत असेल तर जपान बघा. तिथे अमेरिकन सैन्य आहे, आणि १९७८ पासून त्या तळांचा बराच खर्च जपान सरकार स्वतःच्या बजेटमधून उचलतंय, आणि त्यातल्या फक्त अमेरिकेसाठी राखीव तळांची जवळजवळ ७० टक्के जमीन एकट्या ओकिनावात, जो देशाच्या क्षेत्रफळाच्या एक टक्कासुद्धा नाही. तुलना शंभर टक्के जुळत नाही हे मान्य, जपानमध्ये निवडून आलेलं सरकार आहे, पण खर्च कुणी करायचा आणि जमीन कुणाची जायची हे प्रश्न तेच.

बरं मग छावण्या याच गावांत का? असईची लढाई आठवा, २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यात जाफ्राबाद-भोकरदनच्या पट्ट्यात, इंग्रज सेनापती वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले. वेलस्ली जिंकला पण त्याची दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली, आणि या जखमींना ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला. दौलताबादच्या किल्लेदाराने आत घ्यायला नकार दिला, किल्ला कुणाचा तर दोस्त निजामाचा, शेवटी अजिंठ्याला दवाखाना थाटावा लागला. धान्य यायचं ते बंजारा तांड्यांच्या बैलांवर, तेव्हा वेलस्लीच्या पत्रांत बैलांची काळजी जागोजाग दिसते त्यात नवल नाही. दोस्ताच्या मुलखात लढायचं तरी स्वतःची जागा लागते, जिथे दवाखाना, दाणागोटा, बैल, दारूगोळा आपल्या ताब्यात राहील. तळाचा पहिला उपयोग हा असला रुक्ष असतो, बंदुका नंतर येतात.

दुसरा उपयोग मुलूख दाबात ठेवायचा. हिंगोलीची छावणी १८१९ ची, आणि त्याच वर्षी जानेवारीत कंटिंजंटची फौज त्या भागात काय करत होती, तर नोवसाजी नाईक या हटकर सरदाराच्या गढीला वेढा घालून बसली होती, महिनाअखेरीस गढी पडली. अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लांसाठी कन्नडला भिल्ल एजन्सी, म्हणजे त्यांच्यावर देखरेखीचं इंग्रजी ठाणं, झाली १८२५ मध्ये. नकाशावर बघा, कन्नडचा घाट, जालन्याहून वऱ्हाडकडे जाणारी वाट, हिंगोलीतून विदर्भात उतरायची वाट, अंबाजोगाईहून बालाघाटच्या रांगेवर नजर. वाटांच्या तोंडाशी घोडेस्वार ठेवायचे म्हणजे दोन दिवसांत कुठेही पोचता येतं. अंबाजोगाईला मुख्यतः रिसाला होता, आणि हे स्वार सिल्लेदार पद्धतीचे, म्हणजे घोडा स्वाराचा स्वतःचा नाहीतर त्याच्या मालकाचा, सरकार फक्त पगार देणार. त्यामुळे घोडा मेला तर सरकारचं काही जात नव्हतं.

छावणी आली की मागोमाग बाजार येतो. पलटणीला धोबी, मोची, खाटीक, भिस्ती, शिंपी, सावकार सगळे लागतात. जालन्यात कुंडलिकेच्या एका बाजूला कदीम जालना म्हणजे जुनं गाव आणि दुसऱ्या बाजूला सदर बाजार, आज पोलीस ठाणी पण याच नावांची आहेत. संभाजीनगरच्या छावणीतला गुरुवारचा आठवडी बाजार तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, ढोरं-बकऱ्यांपासून भाजीपर्यंत. पण या बाजारांची एक काळी बाजू पण आहे. हिंगोलीच्या छावणीत एक मातब्बर कापड व्यापारी राहायचा, अफसरांशी उठबस, आणि तो निघाला ठगांचा म्होरक्या. दुसऱ्या व्यापाऱ्याला वाटेत मारून त्याचाच कापडमाल याने छावणीत आणून विकला, आणि मारलेल्यांची प्रेतं छावणीच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली सापडली. ज्या फौजेने वाटा सुरक्षित ठेवायच्या तिच्याच नाकाखाली हे चाललं होतं!

आता पैशाचं बघू, कारण शेवटी सगळं तिथेच येऊन अडतं. निजामाचा दिवाण कारभारी चंदूलाल, आणि हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी. फौजेचे पगार वेळेवर द्यायचे तर रोकड पाहिजे, रोकड नाही म्हणून पामरकडून कर्ज, व्याज २४-२५ टक्के. यातल्या एका व्यवहाराला तर औरंगाबाद अरेंजमेंट असंच नाव पडलं होतं, इकडच्या फौजेच्या पगारासाठीच होता तो. आधी फौज लादायची, मग फौजेसाठी कर्ज, मग कर्जासाठी मुलूख. पामरची पेढी बुडाली पण कर्ज काही बुडालं नाही, १८५३ पर्यंत निजामाकडची ईस्ट इंडिया कंपनीची थकबाकी ४० लाखांच्या वर गेली आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग म्हणजे आजचा धाराशिवचा पट्टा कारभाराखाली घेतला. तुळजापूर-धाराशिवच्या शेतकऱ्याचा सारा काही वर्षं अशा फौजेच्या पगाराला गेला जी त्याच्याच भागावर दाब ठेवायला होती. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळालं, १८५७ ला तो इंग्रजांच्या बाजूने राहिला त्याचं बक्षीस. वऱ्हाड नाही मिळालं.

आणि १८५७ मध्ये झालं काय, तर जो तळ मुलखावर नजर ठेवायला होता तोच बिथरला. जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीत कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात कुजबुज सुरू झाली की आपल्याला दिल्लीकडे नेणार, बादशहाशी लढायला लावणार. दख्खनच्या बाहेर जाणार नाही असं स्वारांचं म्हणणं होतं. जनरल वुडबर्नची फौज महूकडे निघाली होती, ती वळवून औरंगाबादला आणली, आणि बंड चिरडलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, तोफेच्या तोंडी पण दिलं. काळा चबुतरा म्हणून जी जागा लोक सांगतात तो आजचा क्रांती चौक. मात्र याच कंटिंजंटच्या दुसऱ्या तुकड्या १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर झाशीवर गेल्या होत्या, हे पण विसरून चालणार नाही, आपल्याला फक्त क्रांती चौकाची बाजू सांगायची सवय आहे.

नंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं सगळं शांत, परेड, पोलो आणि बंगले. मग दोन गोष्टी झाल्या. एक तर मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०१ पर्यंत पूर्ण झाली, म्हणजे घोडेस्वारांना वाटेवाटेवर ठेवायची तेवढी गरज उरली नाही. दुसरं म्हणजे १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये सरसेनापती किचनरने कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विरघळवून टाकली. लक्ष आता वायव्य सरहद्दीकडे होतं, आडवळणाच्या लहान छावण्या बंद. जालना गेली, हिंगोली गेली, मोमिनाबादचा रिसाला पण गेला, औरंगाबाद तेवढी राहिली.

पण पलटणी संपल्या नाहीत आणि हे मला सगळ्यात भारी वाटतं. कंटिंजंटच्या पायदळातून पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचं नाव झालं कुमाऊं रेजिमेंट. हो, तीच रानीखेतवाली. पहिले परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा १९४२ मध्ये भरती झाले ते हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये. आणि रिसाल्यांतून डेक्कन हॉर्स आलं, ज्यांनी १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत घोड्यावरून हल्ला केला आणि १९६५ ला पंजाबात असल उत्तरला शर्मन रणगाडे घेऊन पाकिस्तानी पॅटनसमोर उभे राहिले. निजामावर दाब म्हणून, निजामाच्या पैशाने उभं केलेलं सैन्य आज भारतीय लष्कराच्या अभिमानाच्या यादीत आहे.

१९४८ ला निजामाचं स्वतःचं सैन्य होतं, एल इद्रूस त्याचा सेनापती, पण छावण्या असून उपयोग झाला नाही. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज घुसली आणि नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत ताब्यात घेतला, १५ तारखेला औरंगाबाद पडलं, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, म्हणून आपला मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबर.

त्यानंतर मराठवाड्यातले तळ बदलले ते ट्रेनिंगकडे. जालना आणि हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, लातूरला सीआरपीएफचं भरती प्रशिक्षण केंद्र, चाकूरला बीएसएफचं, नांदेडजवळ मुदखेडला पुन्हा सीआरपीएफ. शेजारी बीदरला हवाई दल १९६३ पासून पायलट घडवतंय. कारण सोपं आहे, मोठी मोकळी जमीन, सरहद्दीपासून लांब, आणि भरतीच्या मैदानावर पहाटे चारला धावणारी पोरं इथं भरपूर, शेतीचं जे चाललंय ते बघता पोरं दुसरं करणार तरी काय.

राहिली संभाजीनगरची छावणी. महाराष्ट्रात सात छावणी परिषदा, पुणे, खडकी, देहूरोड, नगर, देवळाली, कामठी आणि ही. अध्यक्ष लष्करी अधिकारी, नळ-कचरा-दिवे परिषदेकडे, जमीन संरक्षण खात्याची. हिमाचलमधल्या योलपासून २०२३ मध्ये केंद्राने छावण्यांचा नागरी भाग स्थानिक स्वराज्य संस्थांकडे द्यायला सुरुवात केली, आणि आपल्याकडेही तोच विषय आहे की नागरी वस्ती महापालिकेत गेली तर पाणी कोण देणार, घरपट्टी किती वाढणार, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहतोय त्या घराखालची जमीन नेमकी कुणाच्या नावावर लागणार.