हॅलयार्ड स्प्लाइसला देण्याआधी

शिडाच्या बोटीचा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, हातात आला की आमचा पहिला प्रश्न एकच: आत गाभा आहे का? कोणता स्प्लाइस, म्हणजे गाठ न मारता दोर दोरात ओवून केलेला जोड, बसेल आणि किती दोर खर्ची पडेल, हे त्यावरच ठरतं.

डायनीमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची बारा पेडी वेणी आतून पोकळ. नेफ्यात नाडी ओवावी तसं तिचं टोक तिच्याच पोटात ओवायचं. ताण आला की वेणी आवळते आणि आतलं टोक घट्ट धरते. पण डायनीमा भलताच गुळगुळीत, म्हणून ओवलेला भाग आम्ही व्यासाच्या 72 पट ठेवतो. 8 मिलिमीटरच्या दोरात टोकाच्या एका कड्यालाच (फाशालाच) जवळपास 58 सेंटिमीटर जातात. ‘दोर एवढा कमी कसा झाला?’ याचं उत्तर हे. तेव्हा ऑर्डर देताना तयार हॅलयार्डची लांबी सांगा; कापायचा किती ते आम्ही बघतो.

ओवायच्या टोकाचे पेड थोडे थोडे कापून ते निमुळतं करतो, नाहीतर ते जिथे संपतं तिथेच दोर कमजोर पडतो. वरचे टाके शोभेचे नाहीत. भार ते घेत नाहीत, पण दोर सैल फडफडत असताना टोक सरकू देत नाहीत. एकाने ‘दोरा निघालाय’ म्हणून ते कापून टाकले होते!

पॉलिएस्टरच्या डबल ब्रेडमध्ये गाभाही वेणी, खोळही वेणी, आणि भार दोघांवर. त्यामुळे खोळ गाभ्यात, गाभा खोळीत असं दोन्हीकडून ओवून शेवटी खोळ हाताने निपटत जोडावर आणायची. जुन्या दोरात मीठ बसून खोळ आकसते. गोड्या पाण्यात भिजवूनही कधीकधी हलत नाही. असा दोर आम्ही सरळ परत देतो.

डायनीमाचा गाभा आणि पॉलिएस्टरची खोळ असेल तर भार गाभ्यावर, म्हणून कडंही गाभ्यालाच. खोळ क्लचच्या, म्हणजे बोटीवर दोर धरून ठेवणाऱ्या चापाच्या, पकडीसाठी आणि घासण्यापासून बचावासाठी.

डायनीमाला गाठ मारून भागवू नका. गाठीत निम्म्याहून जास्त ताकद जाऊ शकते, शिवाय ती सुटूही शकते.

टोक जाळून आणू नका, टेप गुंडाळा. वितळून झालेला गोळा ओवता येत नाही, तेवढा दोर फुकट जातो. आणि मुंबईतल्या बोटी पावसाळ्यात वर काढलेल्या असतात तेव्हाच दोर द्या. ऑक्टोबरात सगळे एकदम येतात.