रिग हलली म्हणजे विहीर सुरू झाली का?

नव्या तेलपट्ट्यावर नजर ठेवणारा माणूस आधी रिग, म्हणजे विहीर खोदणारी मनोऱ्याची यंत्रं, मोजतो. उंच मनोरा लांबून दिसतो, आणि कुठली रिग कुठे उभी आहे हे अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटासारख्या राज्यात सरकारी यादीतही सापडतं. मग एके दिवशी मनोरा आडवा होतो, ट्रक लागतात, रिग निघून जाते आणि बघणाऱ्यांत दोन तट पडतात. एकाला वाटतं विहीर सुरू झाली, दुसऱ्याला वाटतं फुकट गेली. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकतो, कारण खोदून झालेली विहीर आणि पूर्ण झालेली विहीर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

रिगचं काम खोदाईपुरतंच. नॉर्थ डकोटातल्या बाकन पट्ट्यात विहीर सुमारे १०,००० फूट सरळ खाली जाते, मग वळण घेऊन खडकाच्या थरातून जवळजवळ तितकीच आडवी. आत पोलादी केसिंग, म्हणजे विहिरीला आधार देणारी पाइपची नळी, उतरवून तिच्याभोवती सिमेंट भरलं की रिगचं तिथलं काम संपतं. मागे उरतं ते जमिनीतून वर आलेलं, झाकण घट्ट बसवलेलं विहिरीचं तोंड. तेल येत नाही. खडक इतका घट्ट असतो की त्याला वाट करून दिल्याशिवाय कामापुरतं तेल वाहतच नाही.

ती वाट करणं म्हणजे कम्प्लीशन. त्यासाठी माणसं वेगळी आणि यंत्रंही वेगळी. पंपांचे ट्रक दोन रांगांत एकमेकांसमोर उभे राहतात, शेजारी वाळूचे साठे आणि पाण्याच्या टाक्या. आडव्या भागाच्या टोकापासून सुरुवात करून पाइपला छिद्रं पाडतात, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत ढकलतात, खडकाला भेगा पडतात आणि त्या मिटू नयेत म्हणून वाळू आत अडकून राहते. मग तो टप्पा बूच बसवून बंद करायचा आणि पुढचा घ्यायचा. एका विहिरीत असे कित्येक टप्पे होतात. शेवटी ही बुचं फोडून काढायला कधी कधी छोटी वर्कओव्हर रिग (खोदून झालेल्या विहिरीवर काम करणारी) येते. तिलाही मनोरा असतो, फक्त बराच बुटका. तो लांबून पाहून ‘नवी खोदाई सुरू झाली’ असं समजणारे पुष्कळ भेटतात.

या दोन कामांच्या मधे किती दिवस जातील ते ठरलेलं नसतं. एकाच जागेवरच्या चार-सहा विहिरी खोदून झाल्याशिवाय पंपांचा ताफा बोलवत नाहीत, म्हणून पहिली विहीर नुसती थांबून राहते. बाकनमध्ये वसंतात बर्फ वितळून रस्ते मऊ झाले की वजनावर मर्यादा येते, तेव्हा वाळूचे ट्रक खोळंबतात. आणि भाव पडला की कंपनी मुद्दाम थांबते. अशा खोदलेल्या पण अपूर्ण विहिरींना धंद्यात ‘डक’ म्हणतात. २०२० मध्ये भाव कोसळल्यावर अमेरिकेत रिग झपाट्याने बंद झाल्या. पुढच्या वर्षी उत्पादनाला आधार मिळाला तो बऱ्याच अंशी या डक विहिरी पूर्ण करून.

म्हणून रिगच्या आकड्यावरून थेट तेलाचा हिशेब मांडू नये, असं माझं ठाम मत आहे. नॉर्थ डकोटात मे २०१२ मध्ये २१८ रिग होत्या आणि दिवसाला साडेसहा लाख बॅरलच्या आसपास तेल निघत होतं. २०१९ च्या अखेरीस रिग उरल्या साठच्या आसपास, आणि तेल मात्र पंधरा लाख बॅरलवर गेलं होतं. रिग वेगवान झाल्या होत्या, विहिरी लांब झाल्या होत्या, आणि पायांवर चालणाऱ्या रिग मनोरा न उतरवता शेजारच्या विहिरीवर सरकत होत्या. शिवाय बेकर ह्यूज या तेलसेवा कंपनीच्या दर आठवड्याच्या मोजणीत रिग धरली जाते ती खोदाई सुरू झाल्यापासून ठरलेली खोली गाठेपर्यंतच. वाटेत असलेली किंवा कम्प्लीशनच्या कामाला लावलेली रिग त्यात नसते.

सुरुवातीलाही अशीच गफलत होते. स्पडची, म्हणजे खोदाई सुरू झाल्याची, तारीख यादीत दिसते, पण अनेकदा ते काम एखाद्या लहान रिगने केलेलं असतं. ती वरचं भोक पाडते, पहिली केसिंग बसवते आणि निघून जाते. मोठी रिग काही आठवड्यांनी येते. मधल्या काळात रिकामी जागा पाहून ‘काम सोडून दिलं’ अशी बातमी पसरते.

नव्या पट्ट्यात ही घाई जास्त महाग पडते, कारण तुलनेला जुन्या विहिरी नसतात आणि नॉर्थ डकोटात कंपनीने मागितलं तर विहिरीची माहिती सहा महिने गोपनीय राहते. तेवढ्या काळात मी मनोऱ्याकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त लक्ष देईन: वाळूचे ट्रक, पाण्याच्या नळ्या, आणि काही आठवड्यांनी त्या जागेवर रात्री दिसणारी, तेलाबरोबर वर आलेल्या जळत्या वायूची ज्योत.