‘९३’ म्हणजे किती अंश?

रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक बऱ्याच गोष्टी करतो, पण त्याच्या ४० पिनांपैकी एकीलाही अ‍ॅनालॉग व्होल्टेज वाचता येत नाही. पिनेवर ३.३ व्होल्ट आहेत की शून्य, एवढेच तिला कळते. खोलीतले तापमान, खिडकीतला उजेड, कुंडीतल्या मातीचा ओलावा या गोष्टी मात्र अशा ‘हो-नाही’त बोलत नाहीत, त्या हळूहळू चढतात आणि उतरतात. म्हणून सेन्सर आणि पाय यांच्यामध्ये एमसीपी३००८ ही सोळा पिनांची आयसी (चिप) दुभाष्यासारखी बसवावी लागते. ती आठ सेन्सरांचे व्होल्टेज मोजू शकते आणि प्रत्येकाचे उत्तर ० ते १०२३ यांमधल्या एका आकड्यात देते.

हा आकडा पुढे हाताळण्यासाठी नोड-रेड हे मोफत साधन सोयीचे आहे. आयबीएममधील निक ओ’लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी २०१३ मध्ये ते सुरू केले. यात प्रोग्राम ओळीओळींनी लिहिण्याऐवजी ब्राउझरच्या पडद्यावर ‘नोड’ नावाचे चौकोन मांडून ते तारांनी जोडायचे असतात. पहिला नोड दर पाच सेकंदांनी टिचकी देतो, दुसरा एमसीपी३००८ वाचतो आणि तिसरा उत्तर पडद्यावर दाखवतो. (पाय आणि आयसी ज्या मार्गाने एकमेकांशी बोलतात, तो एसपीआय हा पर्याय पायच्या सेटिंगमध्ये मुळात बंद असतो; तो सुरू करायला विसरलात, तर सगळ्या तारा बरोबर असूनही काही चालणार नाही.)

समजा, एलएम३५ हा तापमान-सेन्सर जोडला आणि पडद्यावर ९३ हा आकडा उमटला. नवखा माणूस इथे हमखास दचकतो, कारण ९३ हे अंशही नाहीत आणि व्होल्टही नाहीत. ३.३ व्होल्टचे १०२४ सारखे भाग केले, तर त्यांतले ९३ भाग सेन्सरकडून आले, एवढाच त्याचा अर्थ. एक भाग सुमारे ३.२ मिलिव्होल्टचा, म्हणून ९३ भागांचे जवळपास ३०० मिलिव्होल्ट झाले. एलएम३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे तापमान ३० अंश. हे गणित एका फंक्शन नोडमध्ये, म्हणजे स्वतःचे सूत्र लिहायच्या चौकोनात, एका ओळीत मावते. मात्र पायचा ३.३ व्होल्टचा पुरवठा प्रत्यक्षात ३.२५ भरला, तर त्याच ९३ चा अर्थ साडेएकोणतीस अंश होतो. गणितात छापील ३.३ न घालता मल्टिमीटरने मोजलेला आकडा घालावा, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय एलएम३५ला चालायला किमान ४ व्होल्ट लागतात, तेव्हा त्याला ५ व्होल्ट द्यावेत आणि आयसीला ३.३ व्होल्टच ठेवावेत, कारण पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत.

खोलीत काहीही बदललेले नसताना आकडा ९३, ९४, ९३ असा हलत राहतो. हा बिघाड नव्हे. एका पायरीचा फरक म्हणजे सुमारे एक तृतीयांश अंश, आणि तेवढी थरथर तारांमधल्या विद्युत गोंगाटानेही होते. शेवटची दहा वाचने घेऊन त्यांची सरासरी काढणारा ‘स्मूद’ नोड मध्ये टाकला, की ती निवते. आकडा अगदीच सैरभैर झाला, म्हणजे हात जवळ नेताच उड्या मारू लागला, तर बहुधा सेन्सरची तार सुटलेली असते. मोकळी पिन भोवतालची वीज पकडत राहते आणि पडद्यावरचा चौकोन मात्र काहीच तक्रार करत नाही.

मातीच्या ओलाव्याचे कपॅसिटिव्ह सेन्सर आणखी एक गंमत करतात. माती कोरडी झाली की त्यांचा आकडा वाढतो, आणि पाणी घातले की उतरतो. तो उलटा करायला सूत्र लिहायची गरज नाही. सेन्सर आधी हवेत धरून आणि मग, वरचा इलेक्ट्रॉनिक भाग भिजू न देता, पाण्यात धरून दोन्ही आकडे टिपून घ्यावेत, आणि एका मापातला आकडा दुसऱ्या मापात बसवणाऱ्या ‘रेंज’ नोडमध्ये हवेच्या आकड्यासमोर ० व पाण्याच्या आकड्यासमोर १०० लिहावे. त्याच नोडमधला मर्यादा राखण्याचा पर्यायही निवडावा, नाहीतर कुंडीत पाणी ओतल्यावर ओलावा १०४ टक्के झाल्याचे दिसू शकते.